फॅक्टरीत काहीच बनत नव्हतं तेव्हा

जहाजं लागण्याचा मोसम आला की सुरतेच्या इंग्रज कोठीत कानठळ्या बसत. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७४-७५ च्या सुमारास तिथे राहिला होता आणि त्यानं हे सगळं लिहून ठेवलं आहे. कामाची वेळ सकाळी दहा ते बारा, पुन्हा दुपारी चारपासून अंधार पडेपर्यंत. तळमजल्यावर गठ्ठे बांधणारे, माल मोजून घेणारे, कापडाचे नमुने घेऊन आलेले व्यापारी आणि ते नमुने नापसंत करणारे कारकून, सगळे एकाच वेळी बोलत. फ्रायरला लंडनचा मासळीबाजार आठवला. आवाज केला नाही तर माणूस कामात आहे असं इथे कुणाला वाटतच नाही, असा शेराही त्यानं मारला.

एवढी वर्दळ असलेल्या त्या इमारतीत माग नव्हता, चरखा नव्हता, रंगाची काहील नव्हती. तिथे काहीही तयार होत नव्हतं. तरी तिचं कंपनीच्या दप्तरातलं नाव ‘फॅक्टरी’ असंच होतं, आणि ते चूकही नव्हतं.

मराठी माणसानं या जागेला कधी कारखाना म्हटलं नाही. तो ‘वखार’ म्हणत आला. सुरतेची वखार, राजापूरची वखार, कारवारची वखार. गुजरातीत ‘कोठी’. दोन्ही भाषांनी मूळ अर्थ अचूक पकडला होता. गोंधळ झाला तो नंतर, इंग्रजीतच शब्दाचा अर्थ फिरल्यावर. इतिहासाच्या पुस्तकात ‘इंग्रजांनी सुरतेला पहिली फॅक्टरी स्थापन केली’ असं वाचणाऱ्या मुलाच्या डोळ्यांपुढे आज धुराडं उभं राहतं, त्यात त्याचा काही दोष नाही.

लॅटिनमध्ये ‘फाकेरे’ म्हणजे करणं. त्यावरून ‘फॅक्टर’ म्हणजे करणारा; पण हातानं वस्तू करणारा नव्हे, तर दुसऱ्याच्या वतीनं व्यवहार करणारा. आपल्याकडचा गुमास्ता किंवा बाजार समितीतला आडत्या, तोच हा. मालक दूर, माल त्याचा, जोखीम त्याची; फॅक्टर त्याच्या नावानं विकतो, घेतो, हिशेब ठेवतो. असे फॅक्टर जिथे राहतात आणि माल ठेवतात ती फॅक्टरी. शब्दाचा पसारा वाढवला पोर्तुगीजांनी. त्यांचा ‘फेइतोर’ आणि त्याची ‘फेइतोरिया’ आफ्रिकेच्या किनाऱ्यानं पुढे सरकत सरकत १५०० साली कालिकतला पोहोचली. काब्राल या दर्यासारंगानं आयरेस कोरेया याला तिथे फेइतोर म्हणून बसवलं. डिसेंबरात स्थानिक व्यापाऱ्यांशी वाद पेटला, फेइतोरियावर हल्ला झाला आणि कोरेया मारला गेला. ब्राझीलचं पहिलं वर्णन करणारं पत्र ज्यानं लिहिलं तो पेरो वाझ द कामिन्या हाही त्याच हल्ल्यात गेला असं मानतात. त्याची नेमणूक होती कालिकतच्या फेइतोरियाचा कारकून म्हणून.

इंग्रज या धंद्यात शंभर वर्षं उशिरा उतरले. ‘हेक्टर’ हे त्यांचं जहाज २४ ऑगस्ट १६०८ रोजी सुरतेच्या बाऱ्यावर आलं. कप्तान विल्यम हॉकिन्स याला तुर्की येत असे, त्यामुळे जहांगीर बादशहाशी त्याचं जमलं. बादशहानं त्याला मनसबही दिली, पण कोठीची परवानगी काही हातात पडेना. पोर्तुगीजांचं वजन आड येई. अखेर १६१२ च्या नोव्हेंबरात तापीच्या मुखाजवळ सुवाळीच्या समुद्रात टॉमस बेस्टच्या दोन जहाजांनी पोर्तुगीज ताफ्याला दाद दिली नाही, आणि वारं फिरलं. १६१३ च्या जानेवारीत फर्मान आलं. टॉमस ऑल्डवर्थ सुरतेच्या फॅक्टरीचा पहिला प्रमुख झाला. त्याच वर्षी याच कंपनीनं जपानात हिरादोलाही फॅक्टरी उघडली. ती दहा वर्षांत गुंडाळावी लागली. सुरतेची टिकली.

टिकली, पण भाड्याच्या घरात. सर टॉमस रो हा इंग्लंडच्या राजाचा वकील १६१५ ते १६१९ मुघल दरबारात होता. त्यानं इतक्या खटपटी केल्या, पण १६१८ मध्ये शहजादा खुर्रमकडून ज्या सवलती मिळाल्या त्यांत घर विकत घेण्याची किंवा बांधण्याची मुभा नव्हती. राहा, व्यापार करा, आपला धर्म पाळा, आपसांतले तंटे आपसांत मिटवा. जमीन मात्र मागू नका. पुढे १६८९ मध्ये जॉन ओव्हिंग्टन हा पाद्री सुरतेला आला तेव्हाही कोठीची इमारत बादशहाचीच होती. वर्षाचं भाडं साठ पौंडांच्या आसपास धरलेलं, आणि तेही बहुतेक डागडुजीत वळतं होई. भाडेकरू दुरुस्तीचा खर्च भाड्यातून कापून घेतो ही रीत मुंबईच्या चाळींत सुरू झाली, असं समजायचं कारण नाही.

या घरात राहणाऱ्यांची एक उतरंड होती. तळाशी उमेदवार, त्यावर ‘रायटर’ म्हणजे लेखनिक, मग ‘फॅक्टर’, मग ‘मर्चंट’, त्यावर ‘सीनियर मर्चंट’ आणि शेवटी प्रेसिडेंट व त्याचं मंडळ. फ्रायरच्या नोंदीप्रमाणे रायटरची पाच वर्षं भरली की तो फॅक्टर होई. रायटरचा पगार वर्षाला दहा पौंड. त्यासाठी पाचशे पौंडांचा जामीन. प्रेसिडेंटला पाचशे पौंड, त्यातले निम्मे इथे आणि निम्मे मायदेशी परतल्यावर. या आकड्यांवर कुणी श्रीमंत होणं शक्य नव्हतं. तरी माणसं साता समुद्रापलीकडून येत आणि त्यातली बरीचशी इथेच मरत. पगार हे निमित्त होतं. खरी कमाई खासगी व्यापाराची, कंपनीच्या जहाजातून किंवा देशी व्यापाऱ्याच्या भागीदारीत केलेली. गंमत अशी की कंपनी पुढे राज्यकर्ती झाली, तिचा व्यापार १८३३ च्या कायद्यानं थांबला, तरी दुकानदारीतली ही पदनामं तिच्या मुलकी नोकरांना बराच काळ चिकटून होती. कोलकात्याच्या ‘रायटर्स बिल्डिंग’मध्ये कादंबरीकार राहत नसत, हे सांगायला हवं.

कोठीतलं जगणं वसतिगृह आणि मठ यांच्या मधलं काहीतरी होतं. जेवण एका पंगतीत, मानाप्रमाणे बसून. ओव्हिंग्टननं चांदीची ताटं पाहिली आणि स्वयंपाकघरात एक इंग्रज, एक पोर्तुगीज आणि एक हिंदी असे तिघे आचारी पाहिले. कुणाच्या तरी हातची चव लागावी म्हणून. रोज सकाळ-संध्याकाळ प्रार्थना सक्तीची. रात्री दरवाजे बंद. प्रेसिडेंट बाहेर पडला की निशाण, कर्णे आणि शिपायांची रांग. १६३८ मध्ये मांडेल्सलो नावाचा जर्मन तरुण प्रेसिडेंट विल्यम मेथवोल्डचा पाहुणा होता. त्यानं दोन पेयांची नोंद केली: रोजच्या बैठकीतला चहा, आणि दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस व साखर घालून केलेलं एक मिश्रण. हे दुसरं म्हणजे इंग्रजांचं ‘पंच’. हिंदुस्थानी ‘पाच’वरून ते नाव पडलं असं बहुतेक कोशकार सांगतात. सुरतेच्या कोठीत काही बनत असेल तर ते हेच.

मग माल बनत कुठे होता? उत्तर गुजरातभर पसरलेलं आहे. भडोच आणि नवसारीच्या विणकरांच्या घरांत ‘बाफ्ता’ हे सुती कापड विणलं जाई. भडोचच्या पाण्यात कापड फार पांढरं धुतलं जातं असा लौकिक होता, म्हणून दुसरीकडचं कापडही धुवायला तिथे जाई. नीळ अहमदाबादेजवळच्या सरखेजची आणि आग्र्याजवळच्या बयानाची. जाडंभरडं आणि छापील असं कापड बुऱ्हाणपूरहून, खानदेशातून, तापीच्या काठाकाठानं बैलांवर लादून येई. विणकराला आगाऊ रक्कम द्यायची, तिला ‘दादनी’ म्हणत. पैसे घेतले की विणकर त्या सावकाराला बांधला गेला. मोसमाआधी अमुक लांबीचे, अमुक पन्ह्याचे इतके थान त्यानं आणून टाकायचे. सूत महागलं तर तोटा त्याचा.

आणि ही दादनी इंग्रज स्वतः वाटत नसत. त्यांना विणकराची भाषा येत नव्हती, पत नव्हती, पुष्कळदा रोकडही नव्हती. मधे दलाल होता. दलाल हा शब्द आज जरा नाक मुरडून उच्चारला जातो, पण सुरतेचा दलाल म्हणजे भाषांतरकार, जामीनदार, सराफ आणि वकील असं सगळं एका पागोट्याखाली. इंग्रजांचा दलाल भीमजी पारेख याचंच पाहा. १६७० च्या सुमारास त्यानं कंपनीला विनंती केली की विलायतेहून एक छपाई जाणणारा माणूस पाठवा, मला आपल्याकडचे जुने ग्रंथ छापायचे आहेत. हेन्री हिल्स नावाचा मुद्रक १६७४ मध्ये मुंबईला आलाही. पण त्याला छापता येत होतं, नागरी खिळे पाडता येत नव्हते, आणि भीमजीचा बेत पार पडला नाही. कंपनीचा ‘नोकर’ म्हणवणाऱ्या माणसाच्या डोक्यात असलं काही शिजत होतं.

त्याच्याहून मोठा वीरजी व्होरा. मिरी, प्रवाळ, मसाले यांतला बराच बाजार त्याच्या मुठीत. जहाजातून उतरलेला सगळाच्या सगळा माल तो एकट्यानं उचलायचा आणि मग भाव आपला लावायचा. इंग्रज त्याच्यावर पत्रांतून चरफडत आणि त्याच्याकडूनच व्याजानं कर्ज काढत. फॅक्टरीचा मुख्य कच्चा माल पैसा होता, आणि तो सुरतेच्या वाण्यांकडून येत होता, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

वस्तू कोठीत बनत नव्हती याचा पुरावा १६३०-३२ च्या दुष्काळानं दिला. गुजरातेत सलग पाऊस गेला, मग पुरानं उरलंसुरलं नेलं. पीटर मंडी हा कंपनीचा माणूस नोव्हेंबर १६३० मध्ये सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला निघाला. खानदेशातल्या गावांच्या वेशीवर पडलेली प्रेतं आणि उकिरड्यावर दाणे शोधणारी माणसं यांची त्यानं लिहिलेली पानं आजही वाचवत नाहीत. विणकर, रंगारी, धोबी एक तर मेले किंवा परागंदा झाले. कोठीतही रोगानं माणसं गेली. प्रेसिडेंट टॉमस रास्टेल १६३१ मध्ये वारला. कोठीची इमारत तशीच उभी होती, वह्या होत्या, तराजू होते, कुलपं होती. कापड नव्हतं. त्या वर्षांपासून कंपनीनं कोरोमंडल किनाऱ्याकडे आणि पुढे बंगालकडे जास्त लक्ष दिलं.

मराठी वाचकाला सुरतेची वखार भेटते ती मात्र वेगळ्याच प्रसंगात. ६ जानेवारी १६६४ रोजी शिवाजी महाराज सुरतेच्या वेशीवर आले आणि १० तारखेला परतले. सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला. इंग्रज कोठीचा प्रेसिडेंट जॉर्ज ऑक्झेंडन यानं सुवाळीच्या जहाजांवरून खलाशी आणवले, हाताला लागतील त्या छोट्या तोफा गच्चीवर चढवल्या आणि ढोल-कर्णे वाजवत शहरातून एक फेरीही मारली. वीरजी व्होराचा वाडा लुटला आणि जाळला गेला. कोठीच्या शेजारचं हाजी सैद बेग या व्यापाऱ्याचं घर फोडलं गेलं. कोठी वाचली. वाचली याचं श्रेय इंग्रजांच्या पत्रांत अर्थात इंग्रजांना आहे. दुसरी बाजू अशी की चार-पाच दिवसांत जमेल तेवढा पैसा उचलून निघायचं असताना, सोनं-मोती शेजारच्या घरात आणि दारूगोळा या घरात असेल तर कुठे शिरावं, हे ठरवायला फार विचार लागत नाही. कापडाचे गठ्ठे घोड्यावरून राजगडला नेण्यात तसाही अर्थ नव्हता. औरंगजेबानं नंतर व्यापाऱ्यांना जकातीत सूट दिली, आणि कंपनीनं ऑक्झेंडनला सोन्याचं पदक. ऑक्टोबर १६७० मध्ये महाराज पुन्हा आले. तेव्हा स्ट्रेनशॅम मास्टर यानं मूठभर खलाशांनिशी कोठी राखली.

राजापूरच्या वखारीचं नशीब एवढं बलवत्तर नव्हतं. तिथला प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन यानं १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला तोफगोळे पुरवले आणि इंग्रजांचं निशाण लावून ते डागलेही. पुढच्याच वर्षी मराठ्यांनी राजापूरची वखार लुटली आणि तिथल्या इंग्रजांना कैदेत टाकलं. त्यातले काही १६६३ पर्यंत गडावरच होते. मग कित्येक वर्षं नुकसानभरपाईची घासाघीस चालली. जून १६७४ मध्ये राज्याभिषेकाला रायगडावर आलेल्या हेन्री ऑक्झेंडनच्या कामांच्या यादीत राजापूरचे पैसे हे एक मोठं काम होतं. दहा हजार होनांवर तोड निघाली. व्यापारी म्हणून राहायचं आणि वेळ आली की गोळे डागायचे, हे वखारीचं दुटप्पी रूप मराठ्यांनी असं जवळून पाहिलं.

त्या पाहण्याचं सार रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त उतरलं आहे. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातला हा ग्रंथ. त्यात टोपीकरांवर, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांवर, जे लिहिलंय ते आजच्या कुठल्याही परराष्ट्र खात्याच्या टिपणापेक्षा कमी दर्जाचं नाही. इतर सावकार वेगळे आणि हे वेगळे, कारण यांच्या प्रत्येकाच्या मागे राजा उभा आहे, असं अमात्य बजावतात. म्हणून त्यांनी वखारीसाठी जागा मागितली तर ती समुद्राकाठी किंवा खाडीच्या तोंडाशी देऊ नये. दिलीच तर आत, किनाऱ्यापासून काही कोसांवर, मोठ्या गावालगत आणि खोलगट जागी द्यावी. पक्की इमारत बांधू देऊ नये. या अटींवर राहिले तर ठीक, नाहीतर नको.

मजा म्हणजे त्याच्या शंभर वर्षं आधी टॉमस रोनं स्वतःच्या मालकांना याच विषयावर, दुसऱ्या टोकावरून, तसाच सल्ला दिला होता. किल्ले बांधू नका, जमिनी मागू नका. पोर्तुगीज आणि डच त्याच खर्चात बुडताहेत. लढाई आणि व्यापार एकत्र नांदत नाहीत. रोला चिंता कंपनीच्या तिजोरीची होती, अमात्यांना स्वराज्याची. दोघांचंही कुणी ऐकलं नाही. १६६८ मध्ये मुंबई बेट कंपनीला वर्षाला दहा पौंडांवर मिळालं. तिथे समुद्रही होता, किल्लाही होता आणि पक्की इमारत बांधायला कुणाची मनाई नव्हती. १६८७ मध्ये मुख्य ठाणं सुरतेहून मुंबईला हललं. १७५९ मध्ये सुरतेचा किल्ला आणि १८०० मध्ये शहराचा कारभार कंपनीच्या हाती गेला, तोवर कोठीचं महत्त्व ओसरलं होतं.

पण तोपर्यंत कोठीतून बाहेर पडलेल्या कापडानं इंग्लंडात वेगळंच रामायण घडवलं होतं. स्वस्त, धुण्यास सोपं, रंग न जाणारं सुती छापील कापड तिथल्या बायकांना इतकं आवडलं की लोकर आणि रेशीम विणणाऱ्यांच्या पोटावर पाय आला. १६९७ मध्ये लंडनच्या विणकरांनी कंपनीच्या कचेरीवर मोर्चा नेला. १७१९ मध्ये रस्त्यात दिसणाऱ्या बायकांच्या अंगावरचं छापील सुती कापड फाडण्यापर्यंत मजल गेली. पार्लमेंटनं १७०० आणि १७२१ मध्ये कायदे करून आधी हिंदी छापील कापडाची आयात आणि मग ते वापरणंच बंद केलं. कापड बंद झालं. हौस बंद झाली नाही. ती भागवायला इंग्लंडात सूत काढण्याची आणि छपाईची धडपड सुरू झाली, आणि तिच्यातून १७७१ मध्ये रिचर्ड आर्कराइटची क्रॉमफर्डची सूतगिरणी उभी राहिली: पाण्याच्या जोरावर चालणारी यंत्रं, एका छपराखाली शेकडो मजूर, घंटेवर चालणारं काम. अशा जागेला आधी ‘मॅन्युफॅक्टरी’ किंवा ‘मिल’ म्हणत. हळूहळू लांब शब्दाचं शेपूट तेवढं उरलं आणि ‘फॅक्टरी’ म्हणजे धुराडं हे समीकरण रूढ झालं. सुती कापडाच्या क्रांतीला इतर कारणंही होती, कोळसा होता, भांडवल होतं. पण ज्या कापडाची नक्कल करायची होती ते जुन्या फॅक्टरीतूनच आलं होतं, हे इंग्रजी पाठ्यपुस्तकं जरा हळू आवाजात सांगतात.

जुना अर्थ मेला नाही, कोपऱ्यांत जाऊन बसला. पोर्तुगालमध्ये पोर्तो शहरात इंग्रज मद्यव्यापाऱ्यांचं १७९० मध्ये पुरं झालेलं ‘फॅक्टरी हाउस’ अजून उभं आहे. कॅनडात हडसनच्या उपसागराकाठी ‘यॉर्क फॅक्टरी’ होती. तिथे बिव्हरची कातडी जमा होत. ती १९५७ पर्यंत चालू होती. स्कॉटलंडमध्ये इस्टेटीच्या कारभाऱ्याला अजून ‘फॅक्टर’ म्हणतात.

नवी फॅक्टरी हिंदुस्थानात रुजली ती मुंबईत. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी काढली आणि दोन वर्षांत ताडदेवला गिरणी सुरू झाली. मराठी कामगारानं तिला ‘गिरणी’ म्हटलं. फॅक्टरी हा शब्द त्याला भेटला तो कायद्यात. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्यानं शंभर किंवा अधिक माणसं आणि यंत्रशक्ती असलेल्या जागेला फॅक्टरी मानलं आणि सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी केली. सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तास. मोठ्यांच्या कामाच्या तासांबद्दल त्यात काहीच नव्हतं. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये परळ-भायखळ्यात सभा भरवून साडेपाच हजार कामगारांचा अर्ज सरकारपुढे ठेवला. रविवारची सुट्टी पदरात पडायला १० जून १८९० उजाडावं लागलं. स्वातंत्र्यानंतरच्या १९४८ च्या कायद्यात फॅक्टरी ठरायला लागणारी माणसांची संख्या यंत्रशक्ती असेल तर दहा आणि नसेल तर वीस अशी खाली आली. म्हणजे कायद्याच्या लेखी फॅक्टरी ही इमारत नाही, वस्तूही नाही. एका आवारात मोजलेली माणसं.

आज मराठी कामगार ‘फॅक्टरीत जातो’ असंही फारसं म्हणत नाही. चाकण असो की सातपूर, तो ‘कंपनीत’ जातो. ज्या कंपनीची फॅक्टरी होती तिच्या कारकुनांना हे ऐकून मौज वाटली असती.

आणि सुरत? फॅक्टरांची जहाजं जिथे नांगर टाकत तो सुवाळीचा किनारा आज हजिराच्या पोलाद, वायू आणि खताच्या अजस्र कारखान्यांना लागून आहे. शहरात जुनी कोठी उरली नाही. उरली आहेत ती कतारगामकडची इंग्रजांची थडगी, त्यात जॉर्ज आणि ख्रिस्तोफर या ऑक्झेंडन बंधूंची घुमटांची दुमजली समाधी. पालिकेची कचेरी १६४४ च्या मुघलसराईत भरते. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारहून आलेली माणसं पिढ्यान् पिढ्या राहतात, पालिकेच्या मराठी शाळांत मुलं घालतात आणि सुरत-भुसावळ गाडीनं गावी जातात. दुष्काळात पीटर मंडी ज्या वाटेनं गेला तीच ही दिशा, फक्त माणसांचा ओघ उलटा.

यातले बरेच जण यंत्रमागावर आहेत. यंत्रमागाच्या शेडला सुरती बोलीत ‘खातं’ म्हणतात, तेच खातं जे वहीत मांडतात. हिरे घासतात ते ‘कारखान्यात’. पण ज्या साडीचा सुरत डंका पिटते ती एका छपराखाली बनत नाही. रिंगरोडच्या मार्केटमधला व्यापारी दलालामार्फत न रंगवलेला ‘ग्रे’ ताका उचलतो, तो पांडेसऱ्याच्या किंवा सचिनच्या मिलमध्ये रंगाई-छपाईला धाडतो, तिथून भरतकामाच्या मशीनवर, आणि मग पोटल्यात बांधून लिंबायतच्या गल्ल्यांत. तिथे घराघरांत बायका लेस शिवतात, टिकल्या आणि खडे चिकटवतात, सुटे धागे कापतात, नगावर पैसे मिळतात. पोटला पोहोचवणारा ठेकेदार, वरचा व्यापारी आणि खालची बाई यांची एकमेकांशी गाठ पडत नाही. डाग पडला, खडा निघाला तर कापणी बाईच्या मजुरीतून. व्यापाऱ्याकडे गादी, हिशेबाचा संगणक आणि मालाच्या थप्प्या असतात, माग नसतो. फॅक्टरी कायद्यातली माणसांची मोजणी त्या घरांना लागू पडत नाही, कारण एका खोलीत सासू, सून आणि शाळेतून आलेली मुलगी, अशी तीनच माणसं बसलेली असतात.